ज्येष्ठांसाठी मदत नेमकी कुठल्या कार्यालयात? ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी

“महापालिकेत विचारून बघा, ज्येष्ठांसाठी काहीतरी असतं म्हणे.” ठाण्यात आणि नवी मुंबईत हे वाक्य सोसायटीच्या बाकावर, बँकेच्या रांगेत, दवाखान्याबाहेर हमखास कानावर येतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यावर विसंबून एखादे आजोबा निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी वॉर्ड ऑफिसात जातात, तिथून त्यांना तहसीलला पाठवतात, तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला मागतात, दाखल्यासाठी सेतूत रांग असते. मग एक दिवस गुडघे साथ देत नाहीत आणि आजोबा तो विषयच सोडून देतात. त्यांच्या हक्काचे पैसे तसेच राहतात.

मदत आहे, आणि वाटते त्यापेक्षा जास्त आहे. अडचण अशी की ती एका ठिकाणी मिळत नाही. महापालिका, तहसीलदार, प्रांत, समाजकल्याण, पोलीस, एसटी, प्रत्येकाकडे तिचा एकेक तुकडा आहे. योजनांची नावं पाठ करण्याआधी कुठलं काम कुणाचं, हे समजून घेतलं तर निम्म्या चकरा वाचतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी आपला जिल्हा पाहा

नवी मुंबई म्हटलं की ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचा सगळा पट्टा डोळ्यांसमोर येतो. सरकारी कागदांवर मात्र या पट्ट्याचे दोन भाग आहेत. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरुळ, बेलापूर हा भाग नवी मुंबई महापालिकेचा आणि ठाणे जिल्ह्याचा, तालुकाही ठाणेच. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग पनवेल महापालिकेचा आणि रायगड जिल्ह्याचा. उलवेही रायगडातच. त्यामुळे बेलापूरच्या आजींचं जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्याला आणि एका स्टेशनापलीकडे खारघरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचं थेट अलिबागला. तहसील आणि प्रांत कार्यालय बहिणीला पनवेललाच मिळतं, ही त्यातली सोय.

पोलिसांची हद्द पुन्हा वेगळी. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन्ही जिल्ह्यांतल्या या पट्ट्याला सांभाळतं. म्हणजे पोलिसांच्या बाबतीत दोघी बहिणी एकाच आयुक्तालयात, महसूल आणि महापालिकेच्या बाबतीत वेगवेगळ्या. “नवी मुंबईत राहतो” एवढं सांगून कुठल्याही कार्यालयात काम पुढे जात नाही, ते यामुळे. आधी मालमत्ता कराची पावती बघा. त्यावर ज्या महापालिकेचं नाव आहे, त्यावरून पुढची सगळी कार्यालयं ठरतात.

आता कामांची वाटणी. दरमहा मिळणारं अनुदान आणि उत्पन्नाचे, वयाचे, रहिवासाचे दाखले हे महसूल खात्याचं काम, म्हणजे तहसीलदाराचं. मुलं सांभाळत नाहीत, घर बळकावलंय अशी तक्रार प्रांताधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठीची राज्याची मदत समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांकडे. बाग, विरंगुळा केंद्र, नागरी आरोग्य केंद्र, महापालिकेचं रुग्णालय आणि शहर बस हे महापालिकेचं.

रुग्णालयांतही अशी फोड आहे. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं आहे, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. तक्रार करायची वेळ आली की हा फरक कळीचा ठरतो. कळव्याची तक्रार महापालिका आयुक्तांकडे जाते, सिव्हिलची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

दरमहा पैसे: श्रावणबाळ आणि २१,००० ची अट

वयाची ६५ पूर्ण झालेल्या निराधार व्यक्तीला ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने’तून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आधी ही रक्कम १,००० होती, २०२३ मध्ये ती वाढली. ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा असतो आणि उरलेला भाग राज्य भरतं. वय ६५ पेक्षा कमी असेल पण माणूस निराधार असेल, दुर्धर आजार किंवा दिव्यांगत्व असेल, एखादी बाई विधवा असेल, तर ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ असते. दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत होतो. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नसलेल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. भागाकार करून पाहा: महिन्याला १,७५० रुपये. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराला ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं निवृत्तिवेतन दीड-दोन हजार मिळत असतं. त्यात एका माणसाचं औषधपाणीही भागत नाही. पण तेवढ्यावरून त्याचा अर्ज बाद होऊ शकतो. याच पट्ट्यातली कितीतरी घरं अशी मधल्यामध्ये अडकलेली आहेत: अनुदान मिळावं इतकी गरीब नाहीत, आणि अनुदानाशिवाय निभावेल अशीही नाहीत. अनुदानाची रक्कम वाढली तशी ही मर्यादाही वाढायला हवी. माझ्या मते ज्येष्ठांच्या संघटनांनी सगळ्यात आधी लावून धरावी अशी मागणी हीच आहे.

तरीही घरबसल्या “आपल्याला नाही मिळणार” असं ठरवू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार चौकशी करून देतात आणि तोच ग्राह्य धरला जातो. शेजाऱ्याच्या अंदाजावर अर्ज न करणं हे सगळ्यात मोठं नुकसान. अनुदान मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. खात्यावर अचानक पैसे येणं बंद झालं, तर आधी हा दाखला आणि खात्याची आधार जोडणी तपासा.

चष्मा, काठी, श्रवणयंत्र

‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांवरील आणि वार्षिक २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, घडीचा वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा यांसारखी वस्तू घ्यायची. वस्तू घेतल्याचं बिल जपून ठेवा, ते सादर करावं लागतं. याच्याच नावासारखी केंद्राची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ २०१७ पासून आहे. तिच्यात पैसे देत नाहीत, शिबिरात तपासून वस्तू देतात. दोन्हींची गल्लत फार होते. शिबिराची पत्रिका आली तर ती कुठल्या योजनेची आहे ते विचारून घ्या.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी घरातल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वयामुळे दृष्टी किंवा ऐकणं खूपच गेलं असेल, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली असेल, तर ते केवळ ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं आणि प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर त्या व्यक्तीला दिव्यांगांच्या सवलती मिळू शकतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं लागतं. दिव्यांगांसाठी स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी राखून ठेवावा, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ज्येष्ठ म्हणून जे महापालिकेकडून मिळत नाही, ते दिव्यांग म्हणून मिळण्याची शक्यता असते.

महापालिका काय करते, आणि का तेवढंच

वाशी, नेरुळ, ऐरोलीत फिरताना ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ अशी पाटी कुठे ना कुठे दिसतेच. वर्तमानपत्रं, कॅरम, टीव्ही, सकाळी योग, संध्याकाळी भजन, अधूनमधून आरोग्य तपासणी. जागा महापालिकेची आणि रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हाती. ठाण्यातही अनेक प्रभागांत ज्येष्ठांचे कट्टे आणि केंद्रं आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ घालवायचा अड्डा वाटेल. पण मुलगा हिंजवडीला, सून नोकरीला आणि नातवंडं क्लासला गेल्यावर दिवसभर ज्यांच्याशी कुणी बोलत नाही, त्यांना तिथला तासभर औषधासारखा लागू पडतो. शिवाय योजनांची खरी माहिती तिथेच मिळते. कुठल्या टेबलावर कोण बसतं, कुठला कागद कमी पडला की अर्ज परत येतो, हे संघातल्या सचिवांइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या भागातल्या संघाचे सभासद झाला नसाल तर व्हा. वर्गणी किरकोळ असते.

दोन्ही महापालिकांत हे काम समाज विकास विभागाकडे असतं. चौकशी करायची तर मुख्यालयातल्या या विभागात किंवा आपल्या प्रभाग कार्यालयात.

मग महापालिका एवढ्यावरच का थांबते? याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्यातल्या कलम ६३ मध्ये महापालिकेने करायचीच कामं आहेत: पाणी, गटारं, रस्ते, दिवे, सार्वजनिक आरोग्य. कलम ६६ मध्ये इच्छेनुसार करायची कामं आहेत. ज्येष्ठांची केंद्रं, सहली, त्यांच्या घरी जाऊन द्यायच्या सेवा या प्रामुख्याने दुसऱ्या गटात मोडतात. दिव्यांगांसाठी किंवा महिला-बालकल्याणासाठी असतो तसा ज्येष्ठांच्या नावाने कायद्याने बांधलेला निधीचा वाटा नाही. त्यामुळे एका प्रभागात छान वातानुकूलित केंद्र दिसतं आणि शेजारच्या प्रभागात काहीच नसतं. ज्या भागात ज्येष्ठांचा संघ जागा आहे, अंदाजपत्रकाच्या आधी निवेदन घेऊन जातो, तिथे काम होतं. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. निवेदन द्यायचं तर दिवाळीनंतर लगेच द्या. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या व्यासपीठावर मिळालेल्या आश्वासनाची लेखी आठवण करून द्यायला तीच वेळ योग्य.

दवाखाना

वयाची ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढता येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय सुरू झाली. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनाशुल्क होतात. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, प्रतीक्षा काळ नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड निघतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण रुग्णालयाच्या काउंटरवर वाद होतो तो बहुतेक याच दोन गोष्टींवरून. एक, घरातले नवरा-बायको दोघेही ७० च्या पुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात. दुसरं, हे संरक्षण भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ओपीडीतली तपासणी, दातांची कवळी यात येत नाही. रोजच्या गोळ्यांसाठी जवळचं नागरी आरोग्य केंद्र गाठावं. मधुमेह, रक्तदाबाची तपासणी आणि नेहमीची औषधं तिथे मिळतात, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात सकाळी सातला जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

७० च्या आतल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यातही आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दोन्हींसाठी एक सूचना: भरती होण्याआधी रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला गाठा. हा माणूस योजनेतर्फे नेमलेला असतो. बिल झाल्यावर योजना आठवली तर पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, हे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातच लिहिलंय. रांग दिसत नसेल तर शांतपणे विचारा. ते उपकार म्हणून मागायचं नसतं.

घरातल्यांनीच हात वर केले तर

हा विषय बोलायला जड आहे. ठाण्यात, नवी मुंबईत घरांच्या किमती अशा आहेत की आयुष्यभराची कमाई एका वन-बीएचकेमध्ये साठलेली असते, आणि तंटे त्या चार भिंतींवरूनच होतात. “बाबा, फ्लॅट माझ्या नावावर करून टाका, पुढे कटकट नको.” महाराष्ट्रात मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर उपकर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. विक्रीच्या मानाने हे नगण्य, म्हणून सही पटकन होते. काही महिन्यांनी आईबाबांची खोली हॉलमध्ये सरकते, मग गॅलरीत.

यासाठीच ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ आहे. त्यातली मुख्य तरतूद अशी: प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली निर्वाह न्यायाधिकरण असतं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीतल्यांनी ठाण्याच्या प्रांत कार्यालयात, पनवेल-खारघरवाल्यांनी पनवेलच्या प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. साध्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत लिहिला तरी चालतो. स्वतःला जाणं जमत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. वकील लावायची सक्ती नाही.

मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात या सगळ्यांवर जबाबदारी आहे. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिची सुटका होत नाही. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला संपत्ती मिळणार आहे किंवा मिळालेली आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. आई-वडील म्हणून अर्ज करायचा तर वय साठ पूर्ण असण्याचीही गरज नाही, आणि सावत्र आई-वडीलही त्यात येतात. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च लावता येतो. नोटीस दिल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस, अशी मुदत कायद्यात आहे. चालू प्रकरणात तात्पुरता खर्च मागता येतो, आणि तो मागावाच. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं, तुरुंगवासही होऊ शकतो. आईवडिलांना टाकून देणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घराच्या बाबतीत कलम २३ वाचायलाच हवं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मग सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. कळीचा शब्द ‘अट’ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की अशी अट असल्याचं दाखवता आलं नाही तर या कलमाचा आधार मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल देताना कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने, उदारपणे लावायला हवा असं म्हटलं आणि दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं लेखी वचन दिलेलं होतं.

यातून घरच्यांनी घ्यायची काळजी स्पष्ट आहे. जिवंतपणी घर नावावर करण्यापेक्षा मृत्युपत्र करणं बहुतेकांसाठी सुरक्षित. ते पुन्हा बदलताही येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘देणारे हयातभर याच घरात राहतील, त्यांच्या जेवणाखाण्याचा, औषधोपचाराचा खर्च घेणारा करील, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल’ अशा अर्थाची वाक्यं दस्तात हवीतच. मसुदा करणारा म्हणेल “एवढं कशाला, घरचंच आहे”. ऐकू नका. प्रेमळ मुलाला या वाक्यांनी काहीच फरक पडत नाही.

न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. इथे पुन्हा ठाणे की अलिबाग, हे आपल्या पत्त्यावर ठरतं. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते.

अर्ज करावा का, याबद्दल मन धजत नाही हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. “पोराला कोर्टात खेचू का?” हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याला घाईने उत्तर देऊ नये. पण न्यायाधिकरण सुरुवातीला समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवू शकतं, आणि बरेचदा नोटीस पोहोचल्यावरच घरात बोलणं सुरू होतं. आधी नुसतं कुणाशी तरी बोलून पाहायचं असेल तर १४५६७ या ‘एल्डर लाइन’वर सकाळी ८ ते रात्री ८ फोन करता येतो. मराठीत बोला. फोन विनाशुल्क आहे.

पोलीस ठाण्यात नाव नोंदवा

एकटे किंवा दोघंच राहत असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवा. हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकटं राहणाऱ्यांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांच्याकडे नियमित भेट द्यावी, हे कायद्याखालच्या नियमांतच आहे. यासाठी एक फोटो, आधारची प्रत, नातेवाइकाचा आणि डॉक्टरांचा नंबर एवढं पुरतं. संकटात ११२.

फोनवरून “तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय” असं सांगणारे लोक निवृत्तीची रक्कम खात्यात असलेल्यांनाच गाठतात. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता त्याच तासात १९३० वर कळवा. लवकर कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

प्रवास

एसटीत ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, आणि ७५ पूर्ण झालं की राज्यात मोफत. मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आहे. महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्याच वयात निम्मं भाडं लागतं, म्हणून आजींना खरा फरक पडतो तो ७५ नंतर. टीएमटी आणि एनएमएमटी या महापालिकांच्या सेवा. त्यांचे सवलतीचे नियम आणि पास वेगळे, एसटीचं कार्ड तिथे चालत नाही.

वय कुठे किती धरतात, आणि जन्मतारखेचा घोळ

कायद्याने ज्येष्ठ नागरिक ६० ला होतो. पण श्रावणबाळ, वयोश्री आणि एसटीची पहिली सवलत ६५ ला, आरोग्य कार्ड ७० ला, मोफत एसटी ७५ ला. त्यामुळे कागदावरची जन्मतारीख चुकीची असेल तर वर्षानुवर्षांचं नुकसान होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून, किंवा आधार काढताना पडलेली १ जानेवारी कितीतरी जणांच्या कार्डांवर आहे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद किंवा पासपोर्ट असा पक्का पुरावा हातात आल्यावरच बदल करा. आधार, पॅन, रेशनकार्ड आणि बँकेच्या खात्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा. ‘सुलोचना’ आणि ‘सुलोचनाबाई’ यांत संगणकाला दोन माणसं दिसतात.

अर्ज देताना पोच घ्याच, तारीख आणि शिक्क्यासह. दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिलेली असते. ती उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं. कारण लेखी मागा. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज केला असेल तर त्याची स्थिती मोबाइलवरच दिसते. नातवाला बसवा शेजारी.

जे घराबाहेर पडूच शकत नाहीत

वर सांगितलेलं बहुतेक सगळं चालत्या-फिरत्या माणसाला मिळतं. वाशी, नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या, कोपरीतल्या जुन्या इमारतींचंही तेच. तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी अडकलेल्या माणसासाठी खालच्या चौकातलं विरंगुळा केंद्र असून नसल्यासारखं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यापर्यंत सगळ्यात कमी पोहोचतं, आणि आपल्या शहरांनी पुढच्या काही वर्षांत सर्वाधिक पैसा इथे घालावा असं मला मनापासून वाटतं: घरी येणारी परिचारिका, घरी होणारी फिजिओथेरपी, आठवड्यातून एकदा दार वाजवणारा कुणीतरी.

तोवर आहे ते वापरू. ७० वर्षांवरील ग्राहकांना रोख रक्कम, चेकबुक अशा मूलभूत सेवा घरी द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत लेखी मागणी करा. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, आणि पोस्टमनला घरी बोलावूनही. केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी ८० वर्षांवरील व्यक्तींना त्यासाठी नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. नागरी आरोग्य केंद्राच्या आशाताई आणि एएनएम, म्हणजे परिचारिका, आपल्या वस्तीत फिरत असतात. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे त्यांना सांगितलं तरच त्यांच्या वहीत नोंद होते. तातडीची रुग्णवाहिका १०८ वर विनाशुल्क येते. चौथ्या मजल्यावरून स्ट्रेचर खाली आणायला माणसं लागतील, हे फोनवरच सांगून ठेवा.

बाकीचं सोसायटीने करण्यासारखं आहे, आणि त्याला ठराव किंवा निधी लागत नाही. एकटे राहणारे किंवा घराबाहेर न पडू शकणारे सभासद कोण, त्यांच्या जवळच्या नातेवाइकाचा नंबर, नेहमीचे डॉक्टर, चालू असलेली औषधं, रक्तगट आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे, एवढं एका वहीत लिहून ठेवा. लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. ही यादी सूचनाफलकावर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कारण घरात एकटं कोण असतं हे बाहेरच्यांना कळता कामा नये. एक प्रत सेक्रेटरीकडे, एक आपल्या पोलीस ठाण्याच्या बीट अंमलदाराकडे द्या आणि दर सहा महिन्यांनी नंबर तपासून घ्या.